क्रँकचं माप

आम्ही गॅरेजवाले. सच्चर समितीच्या २००६ सालच्या अहवालात, मुसलमान कामगार ज्या व्यवसायांत जास्त दिसतात त्यांत वाहनदुरुस्तीची नोंद आहे. आमच्या मोहल्ल्यांना ही गोष्ट अहवालाआधीही माहीत होती. पण या हातांना नेमकं काय कळतं आणि काय कळायला हवं, हे फारसं कुणी लिहीत नाही. म्हणून एका कामाविषयी सांगतो.

गाडीखाली तेलाचा डाग दिसला की गिऱ्हाईक म्हणतं, "मिस्त्री, सील तेवढं बदलून टाका." सील म्हणजे क्रँकच्या टोकाशी बसवलेली रबरी कडी. तिची ओठासारखी पातळ कड फिरत्या दांड्याला चिकटून असते आणि तेल आत अडवते. वस्तू स्वस्त, पण मागच्या सीलपर्यंत पोहोचायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, मग क्लच, मग फ्लायव्हील. एवढी मेहनत करून नवं सील बसवावं आणि थोड्याच दिवसांत डाग पुन्हा यावा, असं अनेकदा होतं. दोष सीलचा नसतो.

पिस्टन वर-खाली जातो आणि चाकाला गोल फिरावं लागतं. हा बदल क्रँक घडवतो. तो ब्लॉकमध्ये मेन बेअरिंगांवर तोललेला असतो. जुन्या प्रीमियर पद्मिनीत अशी तीन मेन बेअरिंगं होती, आजच्या चार सिलिंडरच्या बहुतेक इंजिनांत पाच असतात. यांत छर्रे नसतात. मऊ धातूचा थर दिलेल्या दोन अर्धगोल वाट्या असतात आणि त्यांच्यात क्रँक तेलाच्या पडद्यावर तरंगत फिरतो. वाटी झिजली की जागा वाढते, तेलाचा दाब उतरतो, आणि क्रँक जागच्या जागी डोलू लागतो. मग सीलची कड त्याच्याबरोबर कशी राहणार? म्हणून गळती दिसली की आधी टॅपेट कव्हर पाहावं, वरून ओघळून आलेलं तेलही मागच्या सीलचं वाटतं. मग ब्रीदर पाहावा. तो तुंबला तर आतला दाबच तेल बाहेर ढकलतो. इंजिन गरम असताना मंद चालीवर तेलाचा दिवा लुकलुकत असेल आणि जोर दिल्यावर खालून जड 'धप धप' ऐकू येत असेल, तर चेंबर उतरवून बेअरिंग पाहिल्याशिवाय सुटका नाही.

इथून पुढे खरी परीक्षा. क्रँकचा गोल भाग दोन दिशांनी मायक्रोमीटरने मोजायचा. लंबगोल झाला असेल तर ग्राइंडिंगला पाठवायचा, सहसा ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर कमी मापावर, आणि त्याच मापाच्या जाड वाट्या आणायच्या. वाटीचं तेलाचं भोक ब्लॉकच्या भोकासमोर आलंच पाहिजे, नाहीतर बेअरिंग तेलावाचून जळून जातं. मेन कॅप जिथली तिथेच आणि त्याच तोंडाने बसवायची, कारण ब्लॉक आणि कॅप यांचं भोक एकत्रच कापलेलं असतं. बोल्ट मधल्या कॅपपासून बाहेर, टप्प्याटप्प्याने आवळायचे, आणि प्रत्येक कॅपनंतर क्रँक हाताने फिरवून पाहायचा. बेअरिंग आणि क्रँक यांच्यात साधारण ०.०३ ते ०.०६ मिलिमीटर मोकळीक लागते. नेमका आकडा त्या इंजिनाच्या पुस्तकात दिलेला असतो. सील बसवतानाही तेच. जुन्या सीलने दांड्यावर चर पाडला असेल, तर जागा देते तिथे नवं सील किंचित पुढे-मागे बसवायचं, म्हणजे कड न झिजलेल्या जागी टेकते. कडेला तेल लावायचं आणि सील सरळ दाबायचं, हातोड्याने एका बाजूला ठोकायचं नाही.

हे न करता काम उरकण्याचे मार्गही बाजारात आहेत. कॅपला कानस मारतात, वाटीमागे पत्र्याची पट्टी घालतात. चेंबर बंद झालं की कुणाला दिसणार? पण इंजिन ही आमच्याकडे ठेवलेली अमानत आहे. रोजी हलाल की नाही, हे त्या बंद चेंबरच्या आतच ठरतं.

मात्र नियत साफ असून भागत नाही. ०.०३ मोठे की ०.००६, हे ज्याला कळत नाही तो क्रँक मोजणार कसा? दशांश अपूर्णांक प्राथमिक शाळेत शिकवतात. त्याआधीच ज्या पोराच्या हाती पाना येतो, ते पोर हुशार असलं तरी अंदाजाने काम करायला शिकतं. उस्ताद त्याला 'कसं' सांगतात. 'का' हे पुस्तकात असतं, आणि पुस्तक त्याच्यासाठी बंद राहतं. मग मोजणारा मिस्त्री ठरतो आणि तो जन्मभर चेंबर उतरवणारा मजूर राहतो.

आमच्या सभांत अल्-जझरींचं नाव अभिमानाने घेतलं जातं. १२०६ साली त्यांनी पुऱ्या केलेल्या ग्रंथात पाणी उपसण्याच्या यंत्रात क्रँक आहे. क्रँक त्यांनीच प्रथम शोधला असं काही वक्ते सांगतात. ते बरोबर नाही, तो आधीही माहीत होता. त्यांचं मोठेपण दुसरीकडे आहे. ते स्वतः कारागीर होते, आणि हातांनी केलेलं काम त्यांनी आकृत्या आणि मापांसह लिहून ठेवलं. हुनर आणि लेखणी त्यांच्याकडे एकाच हातात होती.

आमच्याकडे त्या दोहोंची फारकत झाली. शिकलेला मुलगा गॅरेजकडे फिरकत नाही आणि गॅरेजमधला मुलगा शाळेकडे. काळ तर थांबत नाही. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २००३ साली नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत भरून ती २०२३च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली. विजेवरच्या गाडीत क्रँक नसतोच. पण फिरणारा दांडा तिथेही आहे, बेअरिंग आहे, सील आहे, आणि माप तर आहेच. ज्याला मोजता येतं तो तिथेही उभा राहील.

म्हणून आमचं मागणं साधं आहे. पोराला गॅरेजमध्ये जरूर पाठवा, यात कमीपणा काही नाही. पण शाळा पुरी करून पाठवा. आणि उस्तादांनो, शागीर्दाच्या हाती पाना द्याल, तेव्हा एक वहीही द्या.