पिंजऱ्यातली फांदी

खुराड्यात बसायला दांडी नसली तर कोंबड्या संध्याकाळी कशा बेचैन होतात, हे तुम्हांला मी वेगळे सांगायला नको. अंधार पडू लागला की त्या उंच जागा शोधतात. दांडी नसेल तर नांगराच्या इसाडावर बसतील, नाहीतर पडवीतल्या वाशावर. हे आपल्याला ठाऊक असते, आणि तरीही मुलांसाठी पिंजऱ्यात पाखरू आणले की त्याच्या पायांचा विचार कोणी करीत नाही. दाणा आहे, पाणी आहे, झाले!

आमचे सव गाव सावित्रीच्या काठचे, ऊन पाण्याच्या झऱ्यांचे. इथे रानात पोपटांना तोटा नाही, म्हणून नातीला पोपटच हवा होता. पण आपला रानपोपट पकडणे-पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे मी तिला समजावले. मग तिच्या बापाने लव्हबर्डची जोडी आणली. बाजारात लव्हबर्ड म्हणतात ती पाखरे बहुधा बजरीगर असतात, मूळची ऑस्ट्रेलियातली.

पिंजऱ्याबरोबर प्लॅस्टिकच्या दोन दांड्या आल्या होत्या. गुळगुळीत, सरळ, दोन्ही एकाच जाडीच्या. दोनेक महिन्यांनी मादी दिवसभर एकच पाय वर धरून बसू लागली. पाखरू एक पाय आखडून झोपते, त्यात नवल नाही. पण हिचे चढणे-उतरणेच थांबले होते. हातात धरून पाहिले तर तळवा लालभडक.

कारण साधे आहे. कोंबडीच्या तोडलेल्या पायाची शीर ओढली की बोटे मिटतात. हा खेळ आपल्या पोरांनी केलेला असतो. बसणाऱ्या पाखराचा सगळा भार त्या बोटांवर नि तळव्यावर असतो. झाडावर फांदी कुठे जाड, कुठे बारीक, कुठे गाठीची असते, त्यामुळे भार जागा बदलतो. सारख्या जाडीच्या दांडीवर तो रात्रंदिवस एकाच ठिकाणी पडतो, आणि तिथली कातडी सोलवटते. त्यातून पोपटाच्या जातीचे पाखरू म्हणजे चढणारे. कोंबडीची तीन बोटे पुढे नि एक मागे. पोपटाची दोन पुढे, दोन मागे. चोच हा त्याचा तिसरा पाय. त्याला चढायला काही नसणे म्हणजे आपल्याला खोलीत बसवून दाराला कडी लावण्यासारखेच.

मी परसातल्या पेरूची फांदी तोडली. करंगळीपासून अंगठ्याएवढ्या जाडीची, मुद्दाम वाकडी. पाखराची बोटे फांदीभोवती जावीत, पण टोकाला टोक भिडू नये, एवढे माप पुरे. घासून धुतली, चार दिवस कडक उन्हात वाळवली आणि दोन्ही टोकांना खाच पाडून तारांत अडकवली. फांदी दाण्या-पाण्याच्या वर येऊ देऊ नका, नाहीतर विष्ठा त्यात पडते. बांबूच्या कामट्यांची हातभर शिडी केली. बांबूवर पाय घसरतो, म्हणून पायऱ्यांना सुंभ घट्ट गुंडाळला. सुंभाचे धागे सुटले की लगेच कापा. त्यात बोट अडकून पाखराचा पाय जातो. करवंटीला भोके पाडून झोपाळाही केला.

लाकूड मात्र पारखून घ्या. कण्हेर विषारी. शेराचा चीक तुम्हांला माहीतच आहे. बिब्बा नि काजू यांच्या चिकाने माणसाच्या अंगावर फोड उठतात, तिथे पाखराची काय कथा! आणि फवारणी केलेल्या आंब्याची फांदी तर मुळीच नको. पाखरे सालपट कुरतडणारच. बांधायला जस्ताचा मुलामा दिलेली तारही नको; तो मुलामा चोचीने सोलून पोटात गेला तर विषबाधा होते.

दोन दिवस ती जोडी नव्या फांदीला भिऊन कोपऱ्यात बसली. तिसऱ्या दिवशी नर चोचीने धरून शिडी चढला, मागून मादी. महिन्याभरात तिचा तळवा निवळला. तळवा सुजला असेल किंवा काळी खपली धरली असेल, तर नुसत्या फांदीवर भागणार नाही. सरळ पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.

हेच मी मग खुराड्यालाही लावले. २२ जुलै २०२१ रोजी सावित्रीने महाड बुडवले. त्यानंतर आम्ही खुराडे उचलून पडवीच्या खांबांना छातीएवढ्या उंचीवर बसवले होते. तलंगा उडून जात. म्हाताऱ्या कोंबड्या खालीच घोटाळत, आणि सकाळी वरून धपकन उडी टाकत. अशा उड्यांनी तळव्याला गाठ धरते. आता तिरकी शिडी आहे, वीतभर अंतराच्या पायऱ्यांची. आतली दांडी दीड-दोन इंच जाडीची, कडा गोल केलेली. कोंबडीमागे वीतभर जागा. सगळ्या दांड्या एका उंचीवर ठेवा, नाहीतर वरच्या दांडीसाठी रोज संध्याकाळी तंटा. रक्त पिणारे बारीक किडे दिवसा दांडीच्या फटींत दडतात, म्हणून महिन्यातून एकदा दांड्या बाहेर काढून उकळते पाणी ओतते. (झऱ्याचे नव्हे, चुलीवरचे!)

पेरूची फांदी पावसाळ्यात बुरशी धरते, तेव्हा मी दोन जादा फांद्या वाळवून माळ्यावर ठेवलेल्या असतात. करवंटीचा झोपाळा मात्र नात स्वतः बदलते. त्याला आम्हां कोणाला हात लावू देत नाही.