राणीच्या बागेतला दगडी हत्ती

मुंबईची राणीची बाग तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली असेल. नसेल पाहिली, तर आईबाबांकडे हट्ट धरा! भायखळा स्टेशनवर उतरायचं, पूर्वेला बाहेर पडायचं आणि थोडं चालायचं. बुधवार मात्र नको हं, त्या दिवशी बाग बंद असते.

मागे एकदा मी चौथीच्या वर्गाला तिथे घेऊन गेले होते. फाटकातून आत शिरलो मात्र, आणि "बाई, पेंग्विन! पेंग्विन!" करत सगळी रांग मोडून पळाली. आवरता आवरता माझी पुरेवाट झाली. परत येताना शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात सगळे दमून बसले. तेवढ्यात एकाने विचारलं, "बाई, हा हत्ती इथे कोणी आणला?"

समोर काळ्या दगडाचा भलामोठा हत्ती उभा होता. रोज शेकडो माणसं त्याच्या जवळून जातात, पण त्याची चौकशी कोण करतो?

हा हत्ती मूळचा घारापुरी बेटावरचा. पोर्तुगीज तिथे आले, तेव्हा त्यांना हा एका अखंड दगडातून कोरलेला हत्ती दिसला. त्यावरूनच त्यांनी बेटाला 'एलिफंटा' हे नाव दिलं. पुढे १८६४ मध्ये इंग्रजांनी त्याला थेट विलायतेला न्यायचा घाट घातला. पण यारीने, म्हणजे क्रेनने उचलताना हत्ती खाली कोसळला आणि त्याचे तुकडे तुकडे झाले! तुटका हत्ती विलायतेला नेऊन काय करणार? तुकडे मुंबईतच राहिले. ते जोडून हत्ती पुन्हा उभा राहिला तो १९१४ मध्ये. म्हणजे मोडला, म्हणून आपल्याकडे राहिला! तुम्ही गेलात की जवळून बघा, आणि त्याचे सांधे कुठे कुठे आहेत ते शोधा.

बागेचं नावही असंच बदललेलं आहे. १८६२ मध्ये ती सुरू झाली, तेव्हा इंग्लंडच्या राणीवरून तिला 'व्हिक्टोरिया गार्डन' म्हणत. १९६९ मध्ये ती 'वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान' झाली. बोलताना लोक अजून 'राणीची बाग'च म्हणतात, पण आता राणी कोणती म्हणायची, ते तुम्हीच ठरवा.

आणि काळा घोडा! फोर्टमधल्या त्या भागाला ज्याच्यावरून नाव पडलं, तो इंग्लंडच्या युवराजाचा घोड्यावरचा पुतळा १९६५ मध्ये तिथून हलवला आणि इथे आणला. फोर्टमध्ये आज दिसतो तो घोडा २०१७ मधला, त्याच्या पाठीवर स्वार नाही.

पण खरं सांगू? मला सगळ्यात आवडतात ती इथली झाडं. गोरखचिंच बघा. आफ्रिकेतलं हे झाड बुंध्यात पाणी साठवतं, म्हणून त्याचं पोट असं सुटलेलं! त्याची फुलं रात्री उमलतात आणि वटवाघळं त्यांच्याकडे येतात. कैलासपतीची फुलं फांदीच्या टोकाला नाही, थेट खोडातून येतात. फुलात शिवाच्या पिंडीवर नागाने फणा धरलाय असं वाटतं. फळं मात्र तोफेच्या गोळ्यांसारखी, तेव्हा झाडाखाली डबा उघडून बसू नका! ब्रह्मदेशातून आलेली उर्वशीही इथे आहे. तिची लाल फुलं झुंबरासारखी लोंबतात.

ही झाडंसुद्धा एकदा संकटात सापडली होती. २००७ च्या सुमारास प्राणिसंग्रहालय नव्याने बांधायची मोठी योजना पुढे आली. इथे झाडांचा अभ्यास करायला येणाऱ्या काही महिलांना ती कळली आणि त्या हबकल्याच. पिंजरे मोठे करायचे, तर जुन्या झाडांचं काय? त्यांनी पत्रं लिहिली, लोकांना गोळा केलं, अधिकाऱ्यांच्या दारात पुन्हा पुन्हा गेल्या. शेवटी ती मूळ योजना मागे पडली.

आमच्या वर्गाने दुसऱ्या खेपेला आधी झाडं पाहिली. गोरखचिंचेच्या बुंध्याला हाताला हात धरून वेढा घालायचा ठरलं. किती मुलं लागली म्हणता? ते मी सांगणार नाही. तुमचा वर्ग घेऊन जा आणि मोजा.