दासगावचे पाणी आणि एका इंजिनाची वाट

दर २५ डिसेंबरला आपण महाडला जातो. एस.टी.ने जातो, टेम्पोने जातो, कोकण रेल्वेने वीर स्टेशनला उतरून जातो. पण बाबासाहेब १९२७ च्या डिसेंबरात महाडला कसे आले, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? ते पाण्याने आले. २४ डिसेंबरला दोनशेच्या वर प्रतिनिधींना घेऊन मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने निघाले आणि २५ तारखेला दुपारी सावित्रीच्या खाडीतून दासगावच्या बंदरात उतरले. तिथे हजारो माणसे वाट पाहत उभी होती. तिथून पाच मैल पायी मिरवणूक निघाली ती थेट महाडला. त्याच रात्री मनुस्मृती जळाली.

आमच्या विहारातली बरीच कुटुंबे मूळ मंडणगड तालुक्यातली. आंबडवे म्हणजे बाबासाहेबांचे मूळ गाव याच तालुक्यात. नोकऱ्या मुंबईत असल्या तरी शिमग्याला, मे महिन्यात आमचे पाय गावाकडेच वळतात. अशाच एका बैठकीत आमची मोठी आई म्हणाली, “माझे वडील दासगावापासून महाडापर्यंत चालले होते. बंदर बंदर म्हणून सांगायचे. मी ते बंदर पाण्यातून कधी बघितलं नाय.” मोठी आई ब्याऐंशी वर्षांची. तिचे हे बोलणे आमच्या मनाला लागले. बाबासाहेब ज्या पाण्याने आले त्या पाण्याने एकदा जायचेच, असे ठरले.

२४ डिसेंबर २०२३, रविवार. आम्ही अकरा माणसे गावाहून पहाटे वेसवीला आलो. वेसवी म्हणजे बाणकोटच्या शेजारचा धक्का. येथून पलीकडे बागमांडल्याला फेरीबोट जाते. गाड्या, माणसे, मासळीच्या पाट्या सगळे त्यावरून पार होते. आमच्यासाठी मात्र एक फायबरची होडी ठरवली होती. मागे चाळीस-चाळीस हॉर्सपॉवरची दोन इंजिने. ही इंजिने होडीच्या पोटात नसतात, पाठीमागच्या फळीवर बाहेरून टांगलेली असतात. नाखवा बाणकोटच्या बाजूचे, पासष्टीचे. सगळे त्यांना चाचा म्हणत, आम्हीही म्हणू लागलो. सोबत त्यांचा पुतण्या.

चाचांनी आधी प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट घातले. मोठी आई कुरकुरली, “हे काय बैलाला झूल घातल्यासारखं!” चाचा म्हणाले, “आजी, झूल घातल्याशिवाय माझी होडी सुटत नाय.” मग ती गप्प बसली.

साडेसातला निघालो. पौर्णिमा दोन दिवसांवर, म्हणजे भरती मोठी. पाणी आत शिरत होते आणि आम्ही त्याच्याबरोबर. उजव्या हाताला रत्नागिरी जिल्हा, डाव्या हाताला रायगड. मागे बाणकोटचा किल्ला लहान होत गेला. दोन्ही काठांना खारफुटी, मध्येच बगळे, मध्येच एखाद्या वाडीचा धूर. आंबेतच्या पुलाखालून गेलो तेव्हा पोरांनी वर बघून हाका मारल्या. पुलाच्या एका टोकाला म्हाप्रळ, दुसऱ्या टोकाला आंबेत. दोन जिल्हे तिथे हातात हात देतात.

दासगावला पोहोचलो तेव्हा दहा वाजले होते. ज्या काठावर बाबासाहेबांचे पाय लागले, तिथे आम्ही उतरलो. त्रिशरण, पंचशील घेतले. मोठ्या आईने पाण्याकडे हात केला तसा चाचांनी तिला अडवले, “पाण्यात हात घालू नका, आजी. महाडच्या बाजूला या नदीत मगरी आहेत.” मोठी आई हसली आणि म्हणाली, “बघा! बाबासाहेबांनी पाणी मोकळं केलं, आता मगरीनं अडवलं!” सगळे पोट धरून हसले. मग तीच डोळे पुसू लागली. वडिलांची आठवण आली असावी.

इथे आमची चूक झाली ती सांगितलीच पाहिजे. चाचांनी बजावले होते, “बाराला निघायचं. पाणी फिरलं की थांबायचं नाय.” पण भाकऱ्या सोडल्या, फोटो काढले, गावातल्या जाणत्या माणसांकडून जुन्या गोष्टी ऐकल्या. निघायला दीड वाजला. ओहोटी लागली होती. येताना जिथे पाणीच पाणी होते तिथे आता गाळाच्या पाठी वर दिसू लागल्या होत्या.

पाऊण तासाने एका वळणावर होडीखालचे पाणी एकदम गढूळ झाले. चाचांनी वेग कमी केला, पण उजव्या इंजिनातून भोंगा वाजू लागला. चाचांनी ते लगेच बंद केले. ही इंजिने थंड राहतात ती खाडीचेच पाणी ओढून. आतला छोटा पंप पाणी खेचतो, ते इंजिनातून फिरते आणि मागच्या बाजूने बारीक धार होऊन बाहेर पडते. ती धार पडते आहे तोवर इंजिन ठीक. गाळ आत गेला की धार बंद, आणि धार बंद झाली की इंजिन तापून जाते. पुतण्याने इंजिन वर उचलून जाळी साफ केली, पुन्हा चालू करून बघितले. धार आलीच नाही. “पंपाचा रबर गेला,” चाचा म्हणाले. “हे आता घरी जाऊनच.”

होडीत शांतता पसरली. पोरे आयांना बिलगली. खाली ओहोटीचे पाणी, काठाला चिखल, आणि मगरीची गोष्ट सकाळीच झालेली. आमच्यातला एक तरुण म्हणाला, “चाचा, एक इंजिन आहे ना? फुल सोडा, अंधार पडायच्या आत पोचू.” चाचांनी मान हलवली. म्हणाले, “दोन बैलांचं ओझं एका बैलावर टाकून वर चाबूक मारायचा? तो पण बसेल मग.”

त्यांनी जे केले ते आम्ही डोळ्यांनी पाहिले, म्हणून सांगतो. बंद पडलेले इंजिन पाण्यातून पूर्ण वर उचलले, कारण त्याचा पंखा पाण्यात राहिला तर ओढ लागते. दोन इंजिनांवर होडी पाण्यावर उचलून धावते, एकावर ती पाण्यात बसूनच चालते. म्हणून वेग निम्म्याहूनही कमी ठेवला. डावे इंजिन एकटेच ढकलत असल्याने होडी सारखी उजवीकडे जात होती, म्हणून सुकाणू सतत थोडे डावीकडे धरून ठेवावे लागे. सामान मध्ये खाली ठेवले, कुणी उभे राहायचे नाही असे बजावले. इंजिन तापून बंद पडले होते, तेलात दोष नव्हता, म्हणून त्या इंजिनाची पेट्रोलची टाकी राखीव म्हणून जवळ घेतली. नांगर पुतण्याच्या हाताशी मोकळा ठेवला. दुसरे इंजिनही बंद पडले तर होडी वाहवत जाण्याआधी नांगर टाकायचा.

आणि एक काम आमच्या नववीतल्या मुलीला दिले. चालू इंजिनाच्या मागून पडणाऱ्या धारेवर नजर ठेवायची. “धार बारीक झाली तर ओरडायचं. दुसरीकडे बघायचं नाय,” चाचा म्हणाले. वळणावर बाहेरच्या अंगाला पाणी खोल असते, म्हणून होडी तिकडून न्यायची, म्हणजे गाळ कमी उठतो. जे एका इंजिनाला झाले ते दुसऱ्याला होऊ द्यायचे नाही, हाच सगळा हिशेब.

तीन वाजून गेले तेव्हा आंबेतचा पूल दिसला. चाचांनी होडी म्हाप्रळच्या बाजूला लावली आणि म्हणाले, “पोरं, बाया, आजी, सगळी इथे उतरा. टमटम करून वेसवीला जा. मी होडी घेऊन येतो. पैशाचं बघू नंतर.” त्यांचा विचार बरोबर होता. माणसे कमी म्हणजे ओझे कमी, आणि काळजीही कमी. मोठी आई, दोन बायका आणि पोरे अशी सहा माणसे उतरली. नववीतली मुलगी मात्र उतरेना. “धार कोण बघणार?” असे तिने विचारले. तिच्या आईने जरा विचार केला, चाचांकडे पाहिले, तिच्या जॅकेटचा पट्टा पुन्हा आवळला आणि स्वतःही होडीतच बसली.

आम्हीही उतरू शकत होतो. पण ज्या माणसाने आपल्याला बाबासाहेबांच्या बंदराला नेले, आणि आपल्याच उशिरामुळे जो अडचणीत आला, त्याला एकटे सोडून टमटममध्ये बसायचे? पाच जण होडीत राहिलो. मोठी आई काठावरून म्हणाली, “सांभाळून या. घाई करू नका.”

त्यापुढचे तीन तास आम्ही विसरणार नाही. इंजिनाचा एकसुरी आवाज, काठ इतके हळू सरकत होते की एकच झाड बराच वेळ सोबत असल्यासारखे वाटे. तरुणाने विचारले, “असं रखडत कधी पोचायचं?” तेव्हा आमच्यातल्या एका जुन्या कार्यकर्त्यांनी त्याला सांगितले, “बाबा, १९२७ च्या डिसेंबरात महाडला काय झालं ठाऊक आहे ना? हजारो माणसं चवदार तळ्यावर जायला तयार होती. पण कोर्टाचा मनाई हुकूम आला. मंडपाला जागा द्यायलासुद्धा गावात कुणी तयार नव्हतं, ती दिली फत्तेखान यांनी. बाबासाहेबांनी माणसांना आवरलं, सत्याग्रह पुढे ढकलला आणि लढाई कोर्टात नेली. हायकोर्टाचा निकाल लागला १७ मार्च १९३७ ला. दहा वर्षं. पण पोचले की नाही?” फत्तेखानांचे नाव ऐकून चाचांनी मागे वळून पाहिले. म्हणाले, “हे आमाला कुणी सांगितलं नव्हतं.” मग पुढे बराच वेळ त्यांनी तीच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारून घेतली.

पाचच्या सुमारास ओहोटी संपली आणि भरती लागली. आता पाणी आणि वारा दोन्ही समोरून. वेग आणखी कमी झाला. एकदा मुलगी ओरडली, “चाचा, धार!” चाचांनी लगेच इंजिन बंद केले, पुतण्याने नांगर सोडला. जाळीला प्लॅस्टिकची पिशवी चिकटली होती. कुणीतरी सहज फेकलेली एक पिशवी! ती काढली, इंजिन सुरू केले, धार पुन्हा जोरात पडू लागली. मुलगी बघत नसती तर ते इंजिनही गेले असते. भगवान बुद्धांनी अखेरच्या क्षणी भिक्खूंना अप्रमादाने वागायला सांगितले. अप्रमाद म्हणजे जागरूकता, हे आम्ही विहारात शंभरदा ऐकले होते. त्याचा अर्थ त्या दिवशी एका नववीतल्या पोरीने दाखवला.

सूर्य मावळला तेव्हा फेरीबोटीचे दिवे दिसले. मागे पूर्वेला चंद्र वर आला होता. धक्का डाव्या हाताला, आणि नेमकी डावीकडे वळायलाच होडी कुरकुरत होती. चाचांनी लांबूनच तिची तोंडाची दिशा धरली, समुद्राकडे तोंड करून, समोरून येणाऱ्या पाण्याच्या आधाराने वेग मोडत, बोटभर बोटभर ती धक्क्याला आणली. पुतण्याने दोर फेकला. तो झेलायला आमचीच माणसे उभी होती. मोठी आई धक्क्यावर बसून होती, अंगात अजून लाइफ जॅकेट! टमटममध्येही तिने ते काढले नव्हते. चाचांना म्हणाली, “तुमची झूल परत करायची होती ना!”

चाचा ठरल्यापेक्षा जास्त पैसे घ्यायला तयार नव्हते. पंपाचा खर्च आम्ही वर्गणी काढून त्यांच्या हातात ठेवला, कारण उशीर आमचा होता. दुसऱ्या दिवशी, २५ तारखेला, रस्त्याने महाडला गेलो आणि चवदार तळ्याला वंदन केले. मोठी आई त्या काठावर बराच वेळ उभी राहिली. तिथे तिने पाण्यात हात घातला.

जाताजाता दोन शब्द. या खाडीने कुणाला जायचे असेल तर जरूर जा, पण नाखवा सांगेल ती वेळ पाळा. पाणी कुणासाठी थांबत नाही. लाइफ जॅकेट प्रत्येकाने, अगदी लहान पोरानेही, घातल्याशिवाय होडीत पाय ठेवू नका. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली आणि सहलीला निघालेली माणसे बुडाली, हे आपण विसरता कामा नये. आणि प्लॅस्टिकची पिशवी पाण्यात टाकू नका. जे पाणी मोकळे व्हावे म्हणून आपल्या माणसांनी डोकी फोडून घेतली, ते घाण करायचा हक्क आपल्याला नाही.

जय भीम!