तिसरा पट

22 सप्टेंबर 2024. बुडापेस्ट बुद्धिबळ ऑलिंपियाडची शेवटची फेरी, भारतीय महिला संघासमोर अझरबैजान. माझं सारं लक्ष तिसऱ्या पटावर होतं: नागपूरची दिव्या देशमुख विरुद्ध गोवहर बेयदुल्लायेवा.

सांघिक स्पर्धेतला डाव मला जास्त जीवघेणा वाटतो. शेजारी मैत्रीण झुंजत असते, पण तिच्याशी डावाबद्दल चकार शब्द काढता येत नाही. कर्णधार पुण्याचे अभिजित कुंटे. त्यांनाही सल्ला द्यायचा तो बरोबरी किंवा हार मानण्यापुरता, चाल सुचवायची नाही. चाल खेळायची, घड्याळ दाबायचं, कागदावर नोंदवायचं आणि संघाचा भार एकटीनं पेलायचा. किती ताकद लागते याला!

दिव्या जिंकली. भारतानं 3.5-0.5 अशी बाजी मारली, महिला संघाला पहिलंवहिलं ऑलिंपियाड सुवर्ण मिळालं. दिव्याचे 11 डावांत 9.5 गुण, एकही हार नाही. तिसऱ्या पटाचं वैयक्तिक सुवर्णही दिव्याचंच.