बशीएवढी जागा

वायोमिंगमध्ये मी गुरांचा डॉक्टर म्हणून आलो. मैलोनमैल सेजचं खुरटं रान, मेंढ्यांचे कळप आणि वारा. मे महिन्यात मेंढ्या वितात तेव्हा कायोटी कळपाभोवती घोटाळू लागतो. सुरुवातीला मी त्याला कोल्हाच म्हणायचो, पण हा आपल्या कोल्ह्याहून मोठा, दहा ते पंधरा किलोचा, आणि कोकराचा गळा नेमका धरणारा. माझं आजोळ माणदेशातलं. तिथे लांडग्यापुढे आजोबांकडे काठी, कुत्री आणि जागरण एवढंच असे. इथे शेजारच्या मेंढपाळानं एका सकाळी चार कोकरं ओळीनं मांडून दाखवली आणि मी बंदूक घेतली.

पहिली रायफल .१७ एचएमआरची. धक्का जवळजवळ नाहीच, आवाज बेताचा, काडतूस स्वस्त. गोळी १७ ग्रेनची, म्हणजे जेमतेम एक ग्रॅमची. सशासाठी उत्तम. फेब्रुवारीत दीडशे यार्डांवर एक मादी आडवी उभी राहिली. बार लागला. ती गर्रकन फिरली, स्वतःच्या कुशीला चावली आणि पळाली. बर्फावरचे लाल ठिपके मी दुपारपर्यंत शोधत गेलो. एका ओढ्यापाशी वाऱ्यानं माग पुसून टाकला होता. जनावराची वेदना कमी करणं हे माझं रोजचं काम, आणि त्या दिवशी मी ती देऊन परत आलो.

मग घेतली .२२-२५०. रेमिंग्टननं हे काडतूस १९६५ साली बाजारात आणलं, पण त्याच्या कितीतरी आधीपासून हौशी लोक .२५० सॅव्हेजच्या पितळी कवचाची मान आवळून ते घरीच तयार करत. ५५ ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे ३,६८० फुटांच्या वेगानं सुटते; .२२३ रेमिंग्टनमधून तेवढ्याच वजनाची गोळी ३,२४० फुटांनी. वेगाची भूल मलाही पडली. पण आवाज कानठळ्या बसवणारा, नळी पटकन तापायची. शनिवारच्या सरावात आठ-दहाच बार काढून मी घरी परतू लागलो. त्या हिवाळ्यात दोन अगदी सोपे नेम चुकले.

तेव्हा टिपणवही काढून बसलो. हाकेला आलेले बहुतेक कायोटी दोनशे यार्डांच्या आत थांबले होते. हाक म्हणून सशाची केविलवाणी किंकाळी वाजवली तरी कायोटी सरळ चालून येत नाही. वास घ्यायला वळसा घालून वाऱ्याखाली जातो. तिथेच त्याला गाठायचं. ताशी १० मैलांचा आडवा वारा .२२३ च्या ५५ ग्रेनच्या गोळीला दोनशे यार्डांवर साधारण ४ इंच ढकलतो. वारा दुप्पट झाला की ८ इंच. आणि कायोटीच्या छातीतली मर्माची जागा बशीएवढी. नुसत्या वेगानं हा हिशेब थोडा सुधारतो, मिटत नाही. तो मिटवायला वारा वाचता यायला हवा आणि त्यासाठी शेकडो गोळ्या झाडायला हव्यात. म्हणून मी .२२३ कडे वळलो; ते मला तेवढा सराव करू देतं.

नळी घेताना मात्र मी तिच्या आतल्या खाचांच्या पिळावर अडून बसलो. ८ इंचांत एक फेरा देणारा पीळ हवा. म्हणजे ६० ग्रेनच्या वरच्या लांबट गोळ्याही स्थिर जातात आणि वाऱ्यात कमी वाहतात. .२२-२५० च्या जुन्या नळ्यांना १४ इंचांचा पीळ असतो, त्यांना ते झेपत नाही.

मारलेला प्रत्येक कायोटी मी उघडून पाहतो. मेंढपाळाला ते विचित्र वाटतं, पण गोळीनं आत काय केलं हे दुसरं कोण सांगणार? फार हलकी, पातळ सालीची गोळी जवळून खांद्याच्या हाडावर बसली की वरच्यावरच फुटते. बाहेरून भीषण दिसणारी ती जखम आत दोन बोटंही गेलेली नसते. अशी जखम दोनदा पाहिल्यावर त्या गोळ्या मी बंद केल्या.

वहीत शेवटचा रकाना असतो : किती पावलं गेला. त्या मादीपुढे तो कोरा आहे. गेल्या जानेवारीतली नोंद अशी : नर, १६० यार्ड, वारा डावीकडून, दोन्ही फुप्फुसं. शून्य.