तापीच्या अखेरच्या टप्प्यावर

मध्य प्रदेशातील मुलताईला उगम पावलेली तापी ७२४ किलोमीटर वाहून सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते. तिच्या सोबतीने केलेल्या माझ्या प्रवासाचा शेवटचा मुक्काम कडोदऱ्यास होता. नदी येथून थोडी उत्तरेला राहते. तिच्या काठची अहिराणी मात्र येथेही कानी पडते. पोटापाण्यासाठी आलेल्या खानदेशी मंडळींनी ती सोबत आणली आहे.

प्रमाण मराठीत आपण ‘तापीचे पाणी’ म्हणतो. अहिराणीत ते ‘तापीनं पानी’ होते, तर गुजरातीत ‘तापीनुं पाणी’. षष्ठीचा हा प्रत्यय नदीसारखाच हळूहळू वळण घेतो. १ मे १९६० रोजी दोन राज्ये वेगळी झाली, नवापूरच्या रेल्वे स्थानकातूनच सीमा गेली. बोलीला मात्र अशी रेघ ठाऊक नाही.

सुरत महानगरपालिका मराठी माध्यमाच्याही शाळा चालवते. अहिराणीला आधार आहे तो केवळ घराचा. म्हणून सीमेपलीकडच्या आईबापांना माझी विनंती आहे : मुलांच्या तोंडचा ‘नं’ अशुद्ध समजून खोडू नका. तो खोडला, तर नकाशावरची रेघ आपण आपल्याच घरात ओढून घेऊ.