लाडवावरचा बेदाणा

ऑक्टोबर लागला की आमच्या गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक प्रश्न ठरलेला: "तुमची दिवाळी यंदा कधी?" विचारणाऱ्यांना फराळाशी काही देणंघेणं नसतं. त्यांच्या घरी कुत्रं असतं, आणि ते फटाक्यांना घाबरतं. लेस्टरमध्ये फटाके उडवावेत गुजराती शेजाऱ्यांनी आणि जाब द्यावा मराठी माणसाने, असा हा मामला. मी मुकाट तारीख कळवतो आणि खाली लिहितो, "तुमची ५ नोव्हेंबरलाच ना?"

१६०५ साली पार्लमेंट उडवायला निघालेला गाय फॉक्स पकडला गेला, त्या आनंदात हे लोक अजून दारू उडवतात. सण एका रात्रीचा, पण साध्या दुकानांनाही १५ ऑक्टोबरपासून फटाके विकायची मुभा असते, आणि घरात आलेला फटाका पोरं कशाला ठेवतील? त्यात गाय फॉक्स जागचा हलत नाही आणि आपली दिवाळी मागेपुढे सरकते. २०२५ सारखी ती २० ऑक्टोबरला आली, की कुत्र्यांचे हाल पंधरवडाभर लांबतात. गंमत कायद्याची आहे. २००४ च्या नियमांप्रमाणे एरवी रात्री अकरानंतर फटाके बंद, ५ नोव्हेंबरला बारापर्यंत चालतात, आणि दिवाळीला? रात्री एकपर्यंत! आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिवाळीला आठ ते दहा एवढीच वेळ दिली होती. म्हणजे दिवाळीच्या बाबतीत इंग्लंड भारताच्या तीन तास पुढे. याचा अभिमान वाटायला हरकत नव्हती, पण आमचा लॅब्रॅडॉर पांडू पलंगाखाली धापा टाकत असताना तो काही वाटत नाही.

अशा वेळी काय करायचं ते इथल्या जनावरांच्या डॉक्टरकडच्या पत्रकात छापलेलं असतं. कुत्र्याला लपायला जागा करून द्या, वर जुनं पांघरूण टाका, पडदे ओढा, टीव्ही लावून ठेवा, लपला तर ओढून बाहेर काढू नका. हे वाचलं की मला हटकून पुण्यातली आमच्या सोसायटीची कुत्री आठवते. कोणाच्याच मालकीची नव्हती. वसुबारसेला पहिला लवंगी वाजला की ती पाण्याच्या पंपाच्या खोलीत शिरायची. खोलीला भिंती जाड, खिडकी नाही आणि पंपाची घरघर चालू, म्हणजे पत्रकातली सगळी कलमं आपोआप पाळलेली. वॉचमन दाराच्या फटीतून पोळी सरकवायचा. भाऊबीज उलटली आणि झाडूवाल्या बाईंनी लाल कागदाचा खच गोळा केला, की ही बाहेर येऊन उन्हात पाय ताणायची. माझी बायको म्हणते, पुण्याचं कुत्रंसुद्धा तुला इथल्यापेक्षा शहाणं वाटतं. वाटतंच. पण बिथरून पळालेली आणि पुन्हा न दिसलेली कुत्रीही तिथे होती, त्यांचा हिशेब कोणी ठेवला नाही. इथे २०१६ पासून प्रत्येक कुत्र्याच्या मानेशी तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप असावीच लागते. पळालेलं कुत्रं सापडलं, की चिप वाचून मालकाला फोन येतो. मात्र घर बदलल्यावर चिपच्या नोंदीतला पत्ता आणि फोन नंबरही बदलायला हवा, आणि ते काम लोक नेमकं विसरतात.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात. पांडूच्या पोटाला ते कोणी सांगत नाही, तेव्हा तो पहाटे पाचला सहाच्या भुकेने उठवतो. लॅब्रॅडॉरच्या भुकेबद्दल केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिलं, की या जातीतल्या साधारण चौथ्या कुत्र्यात एका जनुकाचा तुकडा गहाळ असतो आणि त्यांचा कल खाण्याकडे जास्त असतो. पांडूची तपासणी केलेली नाही. गरज वाटली नाही.

तर हे खादाड ध्यान घेऊन बागेत जावं तर पाचोळ्यात हॉर्स चेस्टनटच्या चकचकीत तपकिरी बिया पडलेल्या. पोरं दोरीला ओवून त्यांचा खेळ करतात. कुत्र्यांसाठी त्या विषारी, शिवाय आतड्यात अडकतात. त्याबद्दल सगळे सगळ्यांना बजावतात. बेदाण्याबद्दल आपल्या लोकांत कोणी अवाक्षर काढत नाही, आणि खरा धोका तर फराळाच्या डब्यात.

द्राक्षं, बेदाणे, मनुका कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. एखाद्याला मूठभर पचतात, एखाद्याला थोडेसेच बाधतात, त्यामुळे इतके चालतील असं प्रमाण कोणीच सांगत नाही. द्राक्षातल्या टार्टारिक आम्लावर अलीकडे संशय आहे. आधी उलट्या, मग मलूलपणा, आणि एकदोन दिवसांनी लघवी कमी होते. तोवर उशीर झालेला असतो. म्हणून खाल्ल्याचं कळल्याबरोबर, लक्षणांची वाट न पाहता डॉक्टर गाठायचा, तो उलटी करवतो. घरी मिठाचं पाणी पाजू नये, त्याने दुसरंच दुखणं ओढवतं. डॉक्टर लगेच मिळत नसेल तर ॲनिमल पॉयझनलाइन चोवीस तास फोन उचलते. पैसे घेते, पण नेमकं सांगते.

आता आपला डबा उघडून बघा. चिवड्यात तेलात टम्म फुगलेले बेदाणे, त्यात तळलेला कांदाही, तोही कुत्र्याला वाईट. लसणाची शेव. करंजीच्या सारणात मनुका. आणि प्रत्येक बेसनलाडवाच्या डोक्यावर अंगठ्याने दाबलेला एक बेदाणा. इंग्रजांनीही हसू नये, त्यांचं ख्रिसमस पुडिंग याच नोव्हेंबरात शिजतं आणि त्यात तर मनुकाच मनुका. पण ते वरच्या फळीवर ठेवतात. आपण ताट भरून सोफ्यासमोरच्या बुटक्या टेबलावर मांडतो, लॅब्रॅडॉरच्या नाकासमोर, आणि पाहुण्यांचा एखादा छोकरा प्रेमाने लाडू पुढे करतो.

इथल्या मराठी मंडळात मी हे सांगितलं तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "कुत्र्यासाठी का आता लाडवाची शोभा घालवायची?" पण मनावर घेतलं त्यांनी. यंदा बेदाण्याऐवजी काजू लावणार आहेत. काजू विषारी नाही, तूप-साखर मात्र लॅब्रॅडॉरला सोसत नाही, तेव्हा डबा वरच्याच फळीवर जाईल. आणि काजू अर्धाच लावणार म्हणाल्या, इथले भाव बघता.